मालनताईंचा अबोला

मालनताई आणि कुराडे सर यांचा अबोला सुरू असला, की दोघं एकमेकांना रोज संध्याकाळी फोन करत.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, पण गडहिंग्लजात त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. लग्नानंतरचं पहिलं मोठं भांडण झालं, तेव्हा सर चित्रकलेच्या परीक्षेचे पेपर तपासायला कोल्हापुरात लॉजवर जाऊन राहिले होते. त्यांच्याशी बोलायचं तर नव्हतं, आणि माणूस धड पोचला का, जेवला का, हा घोर काही मालनताईंना स्वस्थ बसू देत नव्हता. शेवटी त्यांनी शेजारच्या घरून लॉजवर फोन लावला, सरांना बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर कानाला धरून गप्प उभ्या राहिल्या. पलीकडून कुणीतरी खाकरलं. खाकरणं सरांचंच होतं. ताईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. एकानं फोन लावायचा, दुसऱ्यानं उचलायचा, आणि दोघांनीही तोंड उघडायचं नाही. इकडचा पंखा तिकडे ऐकू जायचा, तिकडचा कुकर इकडे. माणूस ठणठणीत आहे एवढी खात्री पटली की फोन बंद. भांडणही चालू आणि काळजीही चालू. दुसरा नियम याहून कडक होता. अबोला एकदा मोडला, की भांडणाचा विषय पुन्हा काढायचा नाही. कोण आधी बोललं, काय बोललं, याचा उच्चारही करायचा नाही. या नियमावर दोघांचा संसार इतकी वर्षं सुखानं चालला होता, असं त्यांची एकुलती मुलगी केतकी सांगते. तिचं लहानपण ‘आईला सांग, मी बाहेर जातोय’ आणि ‘अण्णांना सांग, जेवायला वाढलंय’ असे निरोप पोचवण्यात गेलं होतं, तरीही ती असं सांगते.

या वेळचं भांडण गच्चीवरून झालं. मालनताई आणि गल्लीतल्या चार बायका मिळून कांदा-लसूण चटणी करत. तिच्यासाठी लागणारी मिरची ताईंच्या गच्चीवर वाळे. उन्हाळ्यात ती गच्ची खालच्या रस्त्यावरूनही लालभडक दिसायची. एके दिवशी ‘दूरनाद’ या फोन कंपनीची माणसं ड्रिल मशीन घेऊन वर आली आणि ताईंना म्हणाली, ‘मावशी, मिरच्या जरा सरकवा, इथं अँटेना बसवायचाय.’ सरांनी परस्पर सही करून दिली होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुण्याहून लेकीचा फोन आला की दर वाक्याला तुटायचा, आणि अँटेना बसला तर तो तुटणार नाही असं कंपनीनं सांगितलं होतं. पण बायकोला विचारावं, हे काही त्यांना सुचलं नाही. मालनताईंनी मिरच्या सरकवल्या, बॅग भरली आणि पुण्याला लेकीकडे निघून आल्या.

आता योगायोग असा, की केतकी कुराडे त्या वेळी दूरसंचार ग्राहक आयोगाची सदस्य होती, आणि तिच्या टेबलावर दूरनादचाच अर्ज पडला होता.

तो अर्ज समजायचा तर थोडं शास्त्र समजून घ्यावं लागेल. आपण फोनवर बोलतो तेव्हा आवाज सलग जात नाही. एका सेकंदाच्या आवाजाचे पन्नासेक तुकडे होतात आणि जो तो आपल्या वाटेनं पलीकडे पोचतो. डोंगराळ भागात, गर्दीच्या वेळी त्यातले काही वाटेत हरवतात, आणि मग आपण ‘हॅलो, हॅलो’ करत अंगणात धावतो. दूरनादनं यावर ‘अखंड’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. ती प्रत्येक ग्राहकाचा आवाज आणि लकब शिकून घेई, कोणत्या शब्दामागून तो कोणता शब्द बोलतो हे टिपून ठेवी. तुकडा हरवला, की तिथं काय असणार याचा अंदाज बांधून त्याच माणसाच्या आवाजात ती तो भरून काढी. चांगला रफूवाला शालीचं भोक भरतो, तसं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे.

आयोगानं याला एक मर्यादा घालून दिली होती. जेवढ्या वेळात माणूस एक श्वास घेईल, तेवढीच फट यंत्रानं भरावी, त्याहून मोठी नाही. आता दूरनादला ती मर्यादा काढून हवी होती. घाटाघाटांत दहा-दहा सेकंद आवाज गुडुप होतो, तिथं श्वासाएवढ्या ठिगळानं काय होणार, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी गडहिंग्लजसह सहा तालुक्यांत चाचणीची परवानगीही आयोगानं देऊन टाकली होती. त्या परवानगीवर सही केतकीची होती. आणि का नसावी? फोन तुटण्याच्या तक्रारींवर तिनं उमेदीची वर्षं घालवली होती. चाचणी सुरू झाल्यापासून त्या सहा तालुक्यांतून एकही तक्रार आली नव्हती. तिनं अर्ज मंजूर करायचं मनात नक्की केलं होतं.

ताई पुण्यात येऊन काही दिवस झाले होते. एका संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. ताईंनी उचलला, कानाला लावला आणि नेहमीप्रमाणे ओठ मिटून बसल्या. केतकी समोरच लसूण सोलत होती. ही मौनाची आराधना ती लहानपणापासून बघत आली होती, त्यामुळे तिनं वरही पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं तिला आईचा श्वास वेगळा लागला. तिनं मान वर केली. आईनं एक अक्षर उच्चारलं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. तिनं फोन ठेवला, पदरानं डोळे टिपले आणि उठून शिरा करायला घेतला. शिऱ्यात तूप सढळ पडलं.

केतकीनं काही विचारलं नाही. नियम तिलाही लागू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा अशी वाजली, की खालच्या मजल्यावरचे लोकही बाहेर आले. दारात कुराडे सर उभे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर, आणि काखेत मालनताईंच्या जुन्या रक्ततपासण्यांची फाइल.

“कुठं आहे ती? कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?”

“कुणाला, अण्णा?”

“मला लपवू नकोस केतकी. मन घट्ट करूनच आलोय मी.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मालनताई बाहेर आल्या. हाताला कणीक होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि एखाद्या नव्या नवरीसारख्या हसल्या. “आलात? बसा की. चहा टाकते.”

सर सोफ्यावर बसले म्हणण्यापेक्षा कोसळले. ताई आत गेल्याबरोबर त्यांनी केतकीला गॅलरीत ओढलं. “खरं सांग, काय निघालंय तिला?”

“काही नाही हो. परवा तीन मजले न थांबता चढली.”

“मग ती असं का बोलली?” सर फाइल चाळू लागले. “काल फोनवर म्हणाली, ‘चुकलं माझं. या मला घ्यायला.’ अगं, मालन असं म्हणते? इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणाली का? मी म्हटलं, हे काही साधं नव्हं. माणूस निरवानिरवीचं बोलायला लागलं की समजावं. मिळाली ती गाडी पकडली बघ.”

केतकीनं विचारलं, “आई बोलली? काल संध्याकाळच्या फोनवर?”

“तर काय. माझ्या कानांनी ऐकलं.”

“आणि तुम्ही काय बोललात?”

“मी कशाला बोलतोय? अबोला आहे न्हवं!”

केतकी स्वयंपाकघरात गेली. आई चहात आलं किसून घालत होती आणि गुणगुणत होती. केतकीनं सहज म्हणून विचारावं तसं विचारलं, “काल अण्णा काही म्हणाले का गं?”

ताई लाजल्या. नियम मोडायचा मोह त्यांना पहिल्यांदाच होत असावा. “कुणाला सांगू नकोस. म्हणाले, ‘मालन, तुला विचारायला हवं होतं.’ आपणहून म्हणाले. माझी तर बोलतीच बंद झाली.” त्या क्षणभर थांबल्या. “आता माझं कसलं म्हणून मागणं नाही बाई. एवढं एक ऐकायचं राहिलं होतं.”

केतकीनं दोघांचं बोलणं मनात जुळवून पाहिलं. काल त्या फोनवर दोन्ही टोकांना माणसं गप्प होती आणि मधल्यामध्ये कुणीतरी दोघांच्याही आवाजात बोलून गेलं होतं.

दुपारी तिनं दूरनादच्या मुख्य अभियंता रेवती निमकर यांना गाठलं. बाई हुशार, आणि खोटं न बोलणाऱ्या. केतकीनं नावं न घेता सगळा प्रकार सांगितला. रेवतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, यंत्राला आम्ही एकच काम दिलंय. फोन तुटू नये, आणि माणसानं पुन्हा फोन करावा. त्यानं लाखो संभाषणं अभ्यासली. त्यात लांबलचक शांतता आली, की पुढं एक तर ‘ऐकू येतंय का’ असतं, नाहीतर फोन बंद होतो. म्हणून शांतता म्हणजे बिघाड, असं ते शिकलं. मुद्दाम फोन लावायचा आणि मुद्दाम गप्प बसायचं, असली माणसं त्याला भेटलीच नसणार.”

“आमच्या घरी दोन आहेत,” केतकी म्हणाली. नावं लपवण्यात आता अर्थ नव्हता. “पण नेमकं तेच वाक्य? ‘विचारायला हवं होतं’?”

“तुमच्या आई हे आणखी कुणाजवळ बोलल्या होत्या का? फोनवर?”

केतकीला आठवलं. बेळगावच्या मावशीशी बोलताना रोज एकदा तरी आई म्हणायची, ‘निदान विचारायला तरी हवं होतं ह्यांनी.’ आणि अण्णांनी आपल्या मित्राला फोनवर काय सांगितलं असेल, हे तिला न विचारताही कळलं. ‘तिनं एकदा चुकलं म्हणावं, उद्या जातो घ्यायला.’ दोघांनी आपलं गाऱ्हाणं तिसऱ्याला सांगितलं होतं आणि यंत्रानं ते ऐकून ठेवलं होतं. मग ज्याला जे ऐकायचं होतं, ते त्याच्या कानात घातलं.

“हे थांबवता येईल?”

“आयोगानं सांगितलं तर एका दिवसात. पण आयोग कशावरून सांगणार? नोंदी मागायच्या तर ग्राहकाची तक्रार हवी, तीसुद्धा दोन्ही टोकांची. आणि मला सांगा, ज्याला हवं ते ऐकू आलं, तो तक्रार कशाला करेल?” रेवतीबाई थोड्या घुटमळल्या. “आई-वडील खूष आहेत ना?”

“आहेत.”

“मग?”

केतकी उठली. ती घरी आली तेव्हा दोघं गॅलरीत बसले होते. सर वहीत पेन्सिलीनं मालनताईंचं चित्र काढत होते आणि ताई ‘नाक एवढं मोठं नाही माझं’ म्हणून भांडत होत्या. पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. दोघं मंडईत जाऊन नको तेवढी वांगी घेऊन आले. सर सकाळी आपणहून चहा करू लागले, आणि तो भयंकर चहा ताई मिटक्या मारत पिऊ लागल्या. केतकीला वाटलं, राहू दे. यंत्र खोटं बोललं, पण त्यानं कुणाचं वाईट झालं? मंजुरीचा मसुदा तयार होता. सही केली की विषय संपला. आई-अण्णांच्या नियमानुसार ते वाक्य पुन्हा कुणी काढणार नव्हतं, त्यामुळे ते कधी उघडं पडायची भीतीही नव्हती.

आणि मग एका दुपारी जेवताना मालनताई बोलून गेल्या, “अँटेना राहू दे हो गच्चीवर. चटणीचं मी त्या बायकांना सांगितलंय, बंद करूया म्हणून. तुम्ही बोललात त्यात सगळं आलं.”

सरांना काय बोललो ते कळेना, पण बायको खूष आहे एवढं कळत होतं. त्यांनी मान हलवली.

केतकीनं हातातला घास ताटात ठेवला. आईनं एवढ्या वर्षांची आपली चटणी, आपलं ऊन, आपल्या चार मैत्रिणींचा उद्योग एका वाक्यावर ओवाळून टाकला होता. ते वाक्य अण्णांचं असतं तर तिनं खुशाल टाकावं. पण ते त्याच कंपनीच्या यंत्राचं होतं, जिचा अँटेना त्या गच्चीवर उभा होता. असा सौदा आईशी कुणीही करावा आणि लेकीनं त्यावर शिक्का मारावा, हे तिला सहन होईना.

“आई, अण्णा,” ती म्हणाली, “मला तुम्हा दोघांना काहीतरी सांगायचंय.”

तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू येत होतं, पण तिनं काही गाळलं नाही. 

मग ताईंनी विचारलं, “म्हणजे ह्यांनी म्हटलंच नाही?”

“नाही, आई.”

“मी तरी कुठं खरं ऐकलं!” सर एकदम म्हणाले. “‘चुकलं माझं’ असं तू म्हणालीस समजून जीव मुठीत धरून आलो मी.”

“मी? मी का म्हणीन? माझं काय चुकलंय?”

आणि ताट तसंच ठेवून मालनताई उठल्या. आतल्या खोलीचं दार बंद झालं.

अबोला पुन्हा सुरू झाला, आणि आता तो एकाच घरात होता. पण मालनताई नुसत्या रुसून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. संध्याकाळी दार उघडून त्या बाहेर आल्या आणि सरांच्या पुढ्यात उभं राहून केतकीला म्हणाल्या, “अण्णांना सांग, मी तक्रार करणार आहे.”

सरांनी छताकडे बघत सांगितलं, “आईला सांग, तक्रारीवर मीही सही करतो, साक्षीलाही येतो.”

केतकीनं दोन्ही निरोप पोचवले. मग ऑफिसात जाऊन तिनं या प्रकरणातून आपलं नाव काढून घेतलं, कारण तक्रारदार सख्खी आई असताना तिला न्याय द्यायला बसता येत नव्हतं. ज्या निकालासाठी तिनं इतकं काम केलं होतं, तो आता तिला बाहेरच्या खुर्चीवर बसून ऐकायचा होता.

सुनावणीला आयोगाचे अध्यक्ष मुकादम साहेब होते. शांत गृहस्थ, ऐकण्याचा पगार घेतो असं स्वतःच म्हणायचे. मालनताईंना त्यांनी विचारलं, “ताई, तुमचं नुकसान काय झालं?”

“साहेब, मी गप्प होते ती बोलायला येत नव्हतं म्हणून नव्हे,” ताई उभ्या राहून म्हणाल्या. “ह्यांनी आपणहून बोलावं म्हणून गप्प होते. हे बोलतील तेव्हा बोलतील, नाहीतर नाही बोलणार. पण माझी वाट बघून झाली नव्हती. दुसऱ्यानं मधे येऊन ती संपवायचं काय कारण?”

दूरनादचे वकील कोठावळे उठले. माणूस मुरलेला. त्यांनी आवाज अगदी मऊ ठेवला. “महोदय, ‘अखंड’ मनानं काही रचत नाही. माणूस पुढं काय बोलेल, याचा ते अंदाज करतं. नवरा-बायकोच्या भांडणाचा शेवट काय होतो, आपण सगळेच जाणतो. कुराडे सर आज ना उद्या हे वाक्य बोललेच असते. आम्ही फार तर ते थोडं लवकर पोचवलं. अंदाज खरा असेल, तर यात फसवणूक कुठं आली?” मग ते सरांकडे वळले. “सर, मी एकच विचारतो. ‘तुला विचारायला हवं होतं’, हे वाक्य तुम्ही पत्नीला कधीतरी म्हणाला असतात, हो की नाही?”

केतकीनं डोळे मिटून घेतले. वकिलानं तिच्या वडिलांना बरोबर कात्रीत पकडलं होतं. ‘हो’ म्हणाले तर यंत्र खरं ठरत होतं आणि कंपनीवरची मर्यादा उठत होती. ‘नाही’ म्हणाले, तर ज्या बाईला ते एक वाक्य ऐकायचं होतं, तिच्या तोंडावर, चार लोकांत, ते तिला कधीच मिळणार नव्हतं असं सांगावं लागत होतं. आणि ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! एका शब्दात बायको परत मिळत होती.

सर उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. मग त्यांनी मालनताईंकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी तरी सरळ त्यांच्याशीच बोलले.

“नसतो म्हणालो.”

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

“मालन, मी नसतो म्हणालो. मनात होतं. तू गेलीस त्याच दिवशी मिरच्या बघून मनात आलं होतं. पण जिभेवर नसतं आलं. मी महिनाभर फोन धरून खाकरत बसलो असतो, तू कधीतरी परत आली असतीस, आणि मी विषय काढला नसता. आजवर तेच केलं. मला येत नाही ते. त्या यंत्रानं जो माणूस काढलाय तो बरा माणूस आहे, पण तो मी नव्हे.”

कोठावळे वकील खाली बसले. मुकादम साहेबांनी पेन खाली ठेवलं. केतकीला आईकडे बघायचा धीर होत नव्हता, म्हणून तिनं आधी आईच्या हातांकडे पाहिलं. ते पदराशी चाळा करत होते. मग तिनं वर पाहिलं.

मालनताई रडत होत्या आणि हसतही होत्या. “हे मात्र तुम्हीच बोललात,” त्या म्हणाल्या. “हे दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही.”

मुकादम साहेबांनी त्याच दिवशी अंतरिम आदेश दिला. श्वासाएवढी फट भरायची मुभा राहील. त्यापुढची शांतता ग्राहकाची आहे असं धरावं, ती कशामुळे पडली हे ठरवण्याचा अधिकार यंत्राला नाही, आणि एका फोनवर ऐकलेलं दुसऱ्या फोनवर वापरता येणार नाही. सहा तालुक्यांतल्या सगळ्या ग्राहकांना झाला प्रकार कळवावा, असंही त्यांनी लिहिलं. रेवती निमकर कागद घेऊन जाताना केतकीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “आता तुमच्याकडे फोन तुटल्याच्या तक्रारी पुन्हा सुरू होतील.” “येऊ द्या,” केतकी म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटत होतं.

बाहेर जिन्याशी दोघं तिची वाट बघत उभे होते. सरांच्या खांद्यावर ताईंची पिशवी होती. उद्याच्या गाडीनं गडहिंग्लजला निघायचं, असं दोघांचं ठरलेलं दिसत होतं. केतकी जवळ गेली, तेव्हा सर घसा साफ करत होते. अवघड चित्राला पहिली रेघ मारताना ते करायचे तसा.

“मालन,” ते म्हणाले, “गच्चीचं काय करूया?”

ताई थबकल्या. असा प्रश्न त्यांना लग्न झाल्यापासून कुणी विचारला नव्हता. त्यांनी पदर खोचला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून म्हणाल्या, “विचार करून सांगते.”

ताई पुढे उतरत राहिल्या. सर मागे पिशवी सांभाळत उतरू लागले. उत्तराची त्यांनी घाई केली नाही.